एफवायच्या मुलांसाठी 'सोबत' चालवतेय, अठराची पाच झाली. माझं काय चुकतंय?

हार्बरवाली

नमस्कार. मी टीवाय बीएस्सी, केमिस्ट्री. राहायला मानखुर्द, कॉलेज दादरला. कॉलेजचं नाव लिहीत नाही आणि कोणी ओळखलं तरी कृपया इथे लिहू नका, मला मार्चपर्यंत तिथेच काढायचेत.

जुलैमध्ये आमच्या एका मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. मला वाटलं फीचं काहीतरी राहिलं. (स्टाफरूममधून कोणी माझं नाव पुकारलं की आधी फीच आठवते, एफवायपासूनची सवय.) तर म्हणाल्या, यंदा जी मुलं शिष्यवृत्तीवर आलीत, ज्यांच्या घरात कॉलेज कोणी पाहिलेलं नाही, त्यांना सीनियर मुलांनी धरून न्यायचं असं ठरलंय, तू करशील का? माझे पप्पा रंगारी, मम्मी तीन घरी पोळ्या करते, आमच्या अख्ख्या खानदानात पहिली पदवी माझी होणार, झाली तर. म्हणजे नमुना म्हणून मी बरीच होते. हो म्हटलं. 'सोबत' हे नाव मी सुचवलं. माझं तेवढंच चाललं, बाकी सगळं ऑफिसने ठरवलं.

ऑफिसने अठरा जणांची यादी छापली आणि जिन्याजवळच्या नोटीस बोर्डावर लावली. वर ठळक अक्षरात, 'मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन'. खाली नाव, रोल नंबर आणि शेवटच्या रकान्यात प्रवर्ग. खरं सांगते, तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. असल्या याद्या बघतच मी इथवर आलेय. त्या बोर्डाचा फोटो एफवायच्या ग्रुपवर फिरला आणि खाली हसण्याच्या स्मायली आल्या, हे मला सप्टेंबरात कळलं.

पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता सोळा जण आले. ऑफिसकडून समोसे होते. मी चांगली तयारी करून गेले होते. माझी फर्स्ट सेमची केटी कशी लागली, म्हणजे विषय कसा राहिला, मग मी कशी सावरले, असं चाळीस मिनिटं बोलले. कोणी काही विचारलं नाही. शेवटी एका मुलाने हात वर केला, मला बरं वाटलं, तर तो म्हणाला, "ताई, सर्टिफिकेट मिळणार का?"

दुसऱ्या शनिवारी अकरा, तिसऱ्या नऊ, चौथ्या पाच. त्या पाचातले दोघे कल्याणच्या गाडीची गर्दी कमी व्हायची वाट बघत बसतात, हे मला माहीत आहे.

पण मला खरं विचारायचंय ते एका मुलीबद्दल. ती जव्हारकडची आहे, कळव्याला मावशीकडे राहते. बारावीला त्यांच्या कॉलेजात पुस्तक इंग्रजी पण सर समजवायचे मराठीत, त्यामुळे इथे लेक्चरला तिचा चेहरा कोरा असतो. पहिल्या तीन शनिवारी आली, शेवटच्या बाकावर बसली, बोलली काही नाही. मग प्रॅक्टिकलला पण यायची बंद झाली. दोन प्रॅक्टिकल गेली तिची. मी मेसेज केले. दोन निळ्या टिका येतात. एकदा उत्तर आलं, "ताई येते उद्या". आली नाही.

मी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, तिला इंटरेस्टच नसेल. मला तसं वाटत नाही. पहिल्या शनिवारी मी बोललेलं सगळं ती वहीत उतरवून घेत होती. समोशाचा कागद पण तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला होता, का कोण जाणे.

तर ज्यांनी असलं काही चालवलंय किंवा ज्यांना असं कोणी भेटलंय, त्यांनी सांगा. मुलं परत कशी आणू? आणि त्या मुलीच्या मागे लागावं की नाही? मागे लागले तर मी पण कॉलेजसारखीच वाटेन का?

---

फोर्टचा कारकून

ताई, आधी ती यादी उतरवा. आज. मॅडमची परवानगी काढत बसू नका, शिपाईमामांना सांगा, ते उतरवतील.

मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. एकशे साठ चौरस फुटांची खोली, आम्ही सात जण. त्यामुळे अभ्यास गल्लीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वरळीत सुदाम काळू अहिरे मार्ग आहे, तिथे रात्री रस्त्याच्या दिव्याखाली पोरं अभ्यासाला बसायची, म्हणून नाव पडलं अभ्यास गल्ली. मी अकाउंट्स तिथेच शिकलो, टीवायच्या एका दादाकडून. तो मला शिकवायला आला नव्हता, स्वतःची कॉस्टिंगची गणितं सोडवत बसायचा. मी दोन हात लांब बसायचो. एक दिवस न बघताच म्हणाला, "अरे, तो डेप्रिसिएशन क्रेडिटला का टाकतोयस?" झालं. पुढे दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने मला त्याचा संघर्ष कधी सांगितला नाही. त्याच्या खोलीत किती जण होते हेही मला त्याच्या लग्नात कळलं.

आता त्या जव्हारच्या मुलीबद्दल. ती काय विचार करते ते मला माहीत नाही, पण मी बँकेत बसतो म्हणून एक प्रश्न सुचवतो. तिला अभ्यासाचं विचारू नका. विचारा, "बारावीची शिष्यवृत्ती आली का गं?"

कारण माझ्या काउंटरला दर जून-जुलैत अशी दहा-बारा पोरं येतात. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी साईटवर, पैसे जमा झाले दिसतात, खात्यात एक रुपया नाही. पोरगं म्हणतं, माझं आधार लिंक आहे. असतं पण. लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैशांसाठी सीडिंग असणं वेगळं. आधार एका वेळी एकाच बँकेकडे सीड असतं, आणि शेवटचं सीडिंग जिथे झालं तिथे पैसे जातात. तुम्ही पासबुक कुठलं दाखवता याला काही अर्थ नाही. माय आधारच्या साईटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघायचं, तिथे बँकेचं नाव येतं. पाच मिनिटांचं काम. बहुतेक वेळा पोरगं ते नाव बघून म्हणतं, "हे खातं माझं नाहीच." असतं त्याचंच. कुठेतरी सिम घेताना अंगठा दिलेला असतो.

आणि ती जव्हारची आहे आणि तिला सरकारी हॉस्टेल मिळालेलं नाही, तर आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. योजना जाहीर झाली तेव्हा मुंबईसारख्या शहरासाठी जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००, मिळून वर्षाला ६०,००० होते. आताचा आकडा, अटी आणि तारीख प्रकल्प कार्यालयात विचारा. हॉस्टेलला अर्ज केला होता का, तेही विचारतील. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच स्वाधार आहे, ती समाजकल्याणकडे. तुमच्या अठरा जणांपैकी कितींना हे माहीत आहे बघा. मला माझ्या वेळी फ्रीशिप आणि स्कॉलरशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच एसवायला कळलं.

---

एसवाय बीकॉम, बी डिव्ह

मी यादीतला आहे. तुमच्या नाही, दुसऱ्या कॉलेजच्या.

मी का गेलो नाही ते सांगतो. माझ्या वर्गात कोणाला माझी कास्ट माहीत नव्हती. आडनावावरून पटकन कळत नाही माझ्या. पहिले दोन महिने मी मस्त होतो, ग्रुप होता, कँटीन होतं. मग यादी लागली. कोणी काही बोललं नाही. फक्त एकाने विचारलं, "तुला तर फी पण नाही ना भरावी लागत?" हसतच विचारलं. मी त्या रूमच्या बाहेरून दोनदा गेलो. आत मुलं दिसत होती. आत गेलो असतो तर खिडकीतून मी पण दिसलो असतो ना.

अजून एक. शनिवार तीन वाजता कोण येणार? आमची लेक्चरं साडेबाराला संपतात. अडीच तास कँटीनमध्ये बसलं की साठ रुपये जातात. मी चारपासून अंधेरीला एका दुकानात बसतो.

आणि "मी करू शकले तर तू पण करू शकतोस" हे बोलू नका प्लीज. मला रडायला येतं आणि मग राग येतो.

---

हार्बरवाली

@एसवाय बीकॉम, मी हेच बोलले होते. अगदी हेच वाक्य. सॉरी.

यादी आज दुपारी उतरवली. शिपाईमामांनी टाचण्या काढता काढता विचारलं, "कुठं लावायची आता?" म्हटलं, मला द्या. बॅगेत आहे. फाडायचा पण धीर होईना, त्यात नावं आहेत.

---

खडू-डस्टर

ताई, मी उपनगरातल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं गणित शिकवतोय. तुमच्या मॅडमची चूक मीही केलेली आहे, यादीसकट, म्हणून जरा लांबण लावतो.

आम्ही मास्तर लोक एक गोष्ट गृहीत धरतो. मुलगा मागे पडला म्हणजे त्याची तयारी कच्ची, किंवा घरचं वातावरण नाही, किंवा इच्छा नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्रीझमन नावाच्या गणितवाल्याला हाच प्रश्न पडला होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं फार नापास व्हायची आणि चिनी वंशाची मुलं पुढे जायची. सहकाऱ्यांना विचारलं तर त्यांनी वर लिहिलेलीच कारणं दिली. मग हा माणूस दोन्हीकडची वीस-वीस मुलं घेऊन त्यांच्या मागे फिरला, ती अभ्यास करतात कसा ते बघायला. कारणं एकेक करून गळली. मुलं मेहनती होती, घरच्यांना शिक्षणाची आस होती. फरक निघाला तो बसण्याच्या पद्धतीत. चिनी मुलं आधी एकटी अभ्यास करायची आणि मग एकत्र जमून एकमेकांची गणितं तपासायची, जेवता जेवता वाद घालायची. कृष्णवर्णीय मुलं जवळपास सगळी एकटी. वर्गातून खोलीत, खोलीतून वर्गात. आपण अडलोय ते सगळेच अडलेत की फक्त आपण, हे कळायला त्यांना मार्गच नव्हता.

आणि यावर त्याने काय केलं ते नीट वाचा. कच्च्या मुलांचा जादा वर्ग काढला नाही. हुशार मुलांसाठीची कार्यशाळा म्हणून बोलावलं आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं समोर टाकून दिली. करा म्हणाला, मिळून करा. निकाल पालटले.

अमेरिकेतच, कॅन्सस सिटीत मिसुरी विद्यापीठाच्या डिॲना मार्टिन यांनी १९७३ साली अशीच दुसरी पद्धत काढली. त्यांचा हिशोब असा की अवघड मुलं शोधायची नाहीत, अवघड विषय शोधायचा. ज्या पेपरला दरवर्षी सपाटून नापास होतात त्या पेपरसाठी बैठक लावायची आणि ती सगळ्यांना खुली ठेवायची. बैठक घेणारा म्हणजे तो पेपर आधी पास झालेला विद्यार्थी. तो मुलांबरोबर पुन्हा लेक्चरला बसतो, पण बैठकीत व्याख्यान देत नाही. मुलांनाच बोलतं करतो. आज ही पद्धत बऱ्याच देशांत चालते, नावं बदलून.

आपल्याकडे कर्मवीरांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, ती १९२४ सालची गोष्ट. आपण मात्र रकाना आखून नोटीस लावतो.

तुमच्या विषयात एफवायची मुलं कुठे आपटतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तेवढीच नोटीस लावा. आणि मॅडमवर फार रागावू नका. त्यांनी निदान तुम्हाला बोलावलं. मी माझ्या पहिल्या बारा वर्षांत कोणालाच बोलावलं नव्हतं.

---

तिखट बोलतो

सगळं छान. पण मला एक कोणी सांगेल का की हे काम या ताईंचं का आहे? कॉलेज पगारी समुपदेशक नेमणार नाही, शिष्यवृत्तीच्या टेबलावर एकच माणूस ठेवणार, अर्ज महिनोन् महिने कॉलेजच्याच लॉगिनला पडून राहणार. आणि मग मानखुर्दच्या टीवायच्या पोरीला सांगणार, बाळ, तू कर, सर्टिफिकेट देतो. गरिबाने गरिबाला फुकटात सांभाळायचं आणि कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फाईलला मात्र फोटो कॉलेजचा.

---

हार्बरवाली

@तिखट बोलतो, फोटो काढून झालाय. समोशांसकट.

पटतंय मला. पण ते टेबलावरचे काका एकटे आहेत आणि समोर चारशे फायली. तुम्ही म्हणता तसा समुपदेशक आला तर मी सगळ्यात आधी टाळ्या वाजवीन. तोपर्यंत ती मुलगी प्रॅक्टिकलला येत नाहीये, तिचं काय?

---

फोर्टचा कारकून

तिखटराव बरोबर बोलतायत, आणि ताईंनी त्यातला एक भाग वसूल करून घ्यावा. एनएसएसला वर्षाला १२० तास भरायचे असतात. हे तास त्यात धरा असं कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. नव्या अभ्यासक्रमात समाजकार्याला क्रेडिट आहेत, त्यात बसतं का विचारा. दर महिन्याला चहा-वडापावचे पैसे कॉलेजकडून मागा. फुकट काम केलं की लोक त्याला किंमतही फुकटचीच देतात, हे मी बँकेत शिकलो.

---

रात्रपाळी संपली

मी एमए सायकॉलॉजी. दोन वर्षं हे केलं आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच आजारी पडले, म्हणून फक्त एवढंच.

माझ्याकडे सहा मुली होत्या. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, कधीही फोन करा. एकीने रात्री दीड वाजता केला आणि म्हणाली, ताई, मला नाही जगायचं. मी पहाटे पाचपर्यंत तिच्याशी बोलत बसले, कोणालाही न सांगता, कारण मी तिला शब्द दिला होता की कोणाला सांगणार नाही. ती आज ठीक आहे, नोकरी करते. पण मी तेव्हा जे केलं ते चूक होतं, मी तेवीस वर्षांची होते आणि घाबरून थरथरत होते. असा शब्द देऊ नका. पहिल्याच दिवशी सांगा की बाकी सगळं माझ्यापाशी राहील, पण जिवावरची गोष्ट असेल तर मी मोठ्या माणसाला सांगणार. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. नंबर मोबाईलमध्ये आत्ताच घालून ठेवा. आणि रात्री दहानंतर फोन बंद ठेवणार असाल तर तेही आधीच सांगा, म्हणजे कोणी तुमच्या भरवशावर राहणार नाही.

उसने पैसे पण देऊ नका. शंभर रुपयांपायी माझी एक मुलगी मला टाळायला लागली.

---

हार्बरवाली

तीन आठवडे झाले, म्हणून लिहितेय.

नवी नोटीस मी स्वतःच्या हाताने लिहिली. 'एफवाय केमिस्ट्री. टायट्रेशन, मोल कन्सेप्ट, जर्नल. अडलंय ते घेऊन या. कोणीही. बुधवार, एक दहा, लॅबबाहेरचे बाक.' एक दहा अशासाठी की तेव्हा लेक्चर आणि प्रॅक्टिकलच्या मध्ये पन्नास मिनिटं मोकळी असतात आणि कोणाला वेगळं थांबावं लागत नाही. मॅडम म्हणाल्या, मग आपल्या मुलांनाच फायदा झाला हे अहवालात कसं दाखवणार? मी गप्प बसले. त्यांनी पण मग सही केली.

पहिल्या बुधवारी चौदा जण. यादीतले सात, बाकीचे असेच. त्यात एक दादरचीच मुलगी होती, वडील डॉक्टर, तिलाही नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीतला फरक येत नव्हता आणि ती ते बिनधास्त मोठ्याने म्हणाली. तिने तसं म्हटल्याबरोबर बाकीच्यांनी वह्या उघडल्या. बोर्डाचा फोटो फिरवणारा त्यांच्यात होता का, माहीत नाही. विचारलं नाही. मी फक्त एक गणित फळ्यावर लिहिते आणि गप्प बसते, खडू-डस्टर सर. गप्प बसणं फार अवघड आहे हो. तोंडाशी आलेलं उत्तर गिळावं लागतं.

दुसऱ्या बुधवारी मात्र नऊच आले. इंटर्नल होती. या वेळी तेरा.

आता ती. मी फोन केला नाही. तिच्या एका मैत्रिणीला विचारलं की ती कुठली गाडी पकडते, तर म्हणाली ती अधूनमधून येते, सकाळची दोन लेक्चरं करून बाराच्या आधीच निघून जाते. एका मंगळवारी मी माझं लेक्चर सोडलं आणि दादरच्या पुलावर उभी राहिले. आली. मला बघून थबकली, पण मागे फिरली नाही. मला कुर्ल्याला हार्बर बदलायची असते आणि तिला पुढे कळव्याला जायचं असतं, म्हणजे दादर ते कुर्ला, मध्ये माटुंगा आणि सायन. स्लो गाडीत पंधरा मिनिटं पण नाहीत. लेडीज डब्यात आम्ही दरवाजाजवळ उभ्या राहिलो.

मी कारकूनदादांनी सांगितलेला प्रश्न विचारणार होते, पण तोंडातून भलतंच आलं. म्हटलं, "एफवायला मला सर म्हणाले, टेक द अलिक्वॉट. मी कपाटात अलिक्वॉट नावाची बाटली शोधत होते. दहा मिनिटं." (अलिक्वॉट म्हणजे द्रावणाचा मोजून घेतलेला भाग.) तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मी कॉन्कॉर्डंट शोधत होते." आणि हसली. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलत होते तिचे. सरांनी तिला कॉन्कॉर्डंट रीडिंग आणायला सांगितलं होतं. तिला वाटलं ते एखादं रसायन आहे. मिळेना म्हणून शेजारच्या मुलाचे तीनही आकडे उतरवले, अगदी दशांशासकट. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ब्युरेट कुठलं वापरलंस? त्यानंतर ती लॅबमध्ये गेली नव्हती.

कॉन्कॉर्डंट म्हणजे एकमेकांशी जुळणारी रीडिंग, ०.१ मिलीच्या आतला फरक. हे तिला सांगायला मला सायन ते कुर्ला एवढा वेळ लागला. पण ते सांगायला तिथे कोणी नव्हतं.

मी कुर्ल्याला उतरले नाही, कळव्यापर्यंत गेले. तेव्हा बाकीचं निघालं. बारावीची शिष्यवृत्ती आलीच नाही, मग कॉलेजची तरी कुठून येणार, म्हणून तिने यंदाचा अर्ज भरलाच नव्हता. दुपारपासून रात्री दहापर्यंत भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंग करते. मावशीला महिन्याला पैसे द्यावे लागतात, मावशी मागत नाही पण मावशीचे मिस्टर विचारतात. समोशाचा कागद घडी घालून का ठेवला तेही मी विचारलं. म्हणाली, त्यावर इंग्रजी पेपर होता, वाचायला.

गाडीतच माय आधार उघडलं. कारकूनदादा, तुम्ही लिहिलं होतं तस्संच. बँकेचं नाव बघून म्हणाली, हे माझं नाहीये. जव्हारच्या बाजारात सिम घेतलं होतं तिने दहावीनंतर. पेमेंट बँकेचं खातं. त्याच सिमवरून उघडलं तर आत बारावीचे पैसे पडलेले. फार नव्हते. ती रक्कम बघत ठाणं येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मी आश्रमशाळेच्या सरांना शिव्या घातल्या होत्या मनात. त्यांनी खाल्ले म्हणून."

यंदाचा अर्ज भरलाय, कॉलेजच्या लॉगिनला आहे. टेबलावरच्या काकांना मी रोज दिसते, आता ते मला बघून फाईलच काढतात. स्वयम् साठी हॉस्टेलचा अर्ज केल्याचा कागद लागतोय, तो जव्हारला घरी आहे, तिचा भाऊ दिवाळीला घेऊन येणार. प्रॅक्टिकल एक केलं तिने, दोन अजून बाकी आहेत, सर रिपीट बॅचला बसवतो म्हणालेत पण नक्की नाही. गोडाऊन सोडलेलं नाही. बुधवारी ती येते, दीडला निघते.

कारकूनदादा, एक विचारायचं राहिलं. शनिवारी आम्ही तिच्या नेहमीच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म दिला. काउंटरवरच्या माणसाने घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. पोच दिली नाही, आम्ही पण मागितली नाही. किती दिवस वाट बघायची?

---

फोर्टचा कारकून

वाट बघू नका. ड्रॉवर म्हटल्यावरच कळलं. फॉर्मची झेरॉक्स घेऊन सोमवारी परत जा, साडेदहाला, गर्दीच्या आधी, आणि त्याच झेरॉक्सवर तारीख-शिक्का मारून मागा. नाही म्हणाले तर मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचं. मग चार-पाच दिवसांनी माय आधारवर नाव बदललं का बघा. तिला एकटीला पाठवू नका, पण काउंटरवर तिलाच बोलू द्या.